तीन पाट्यांतली एक

‘बोर्डो’ हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन, आणि माझ्या लेखी त्याचा अर्थ होता निळं पाणी. निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग. पावसाळ्यात उघडीप मिळाली की नाना, म्हणजे माझे वडील, रात्रीच मोरचूद भिजत घालायचे. सकाळी दुसऱ्या बादलीत कळीचा चुना विझवायचा. शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना. दोन्ही ड्रममध्ये एकत्र झालं की श्रावणातल्या उघड्या आभाळाचा रंग यायचा. मग नाना हातातला विळा त्या द्रावणात बुडवून थोडा वेळ तसाच धरायचे आणि बाहेर काढून उजेडात बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर चुना कमी पडला. आणखी निवळी ओतायची. पातं कोरं निघालं तरच पंप भरायचा. केवड्याला, शिकलेल्या भाषेत डाउनीला, नानांचा भरवसा या औषधावर होता आणि आजही आहे.

बोर्डो हे फ्रान्समधल्या एका शहराचं नाव आहे, तिथे त्याला बोर्दो म्हणतात, हे मला कृषी महाविद्यालयात गेल्यावर कळलं. आणि हे मिश्रण सापडलं त्याची हकीकत तर त्याहून उशिरा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केवडा अमेरिकेतून युरोपात पोचला आणि त्याने बागाच्या बागा निष्पर्ण केल्या. बोर्दोच्या उत्तरेला मेदोक नावाचा पट्टा आहे. तिथल्या सें-झुलियें गावात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत, कारण निळी पडलेली द्राक्षं येणारे-जाणारे तोडत नाहीत. १८८२ मध्ये पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की सगळी बाग उघडी पडली आहे, पण रस्त्याकडेच्या त्या ओळींची पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. चोर दूर ठेवण्याचा उपाय रोगावरचा उपाय ठरला, आणि तो फिरत फिरत आमच्या बांधावरच्या ड्रमपर्यंत आला.

त्या सें-झुलियेंपासून थोडं दक्षिणेला मार्गो नावाचं गाव आहे. २०१९ च्या जुलैमध्ये मी तिथे गेलो. बाग सल्लागार म्हणून मला पंधराएक वर्षं झाली होती. आम्ही चौघे जण नाशिक जिल्ह्यातून गेलो होतो आणि बोर्दोत शिकणारा एक नाशिककर मुलगा दुभाष्या म्हणून सोबत होता. स्टेशनवर उतरून चालत निघालो तेव्हा रस्त्याकडेच्या एका बागेतलं पान मी सवयीने उलटून पाहिलं. पानावर निळसर ठिपके होते. बोटाने चोळून वास घेतला. तोच.

शातो मार्गो ही फ्रान्समधल्या सर्वांत नावाजलेल्या वाइन इस्टेटींपैकी एक. शातो म्हणजे वाडा किंवा गढी, पण बोर्दोकडे बाग, तळघर, कारखाना आणि घर या सगळ्याला मिळून शातो म्हणतात. १८५५ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी लावली गेली. दलालांनी ती लावली बाजारात वर्षानुवर्षं मिळालेल्या भावावरून. पहिल्या वर्गात चारच नावं आली: लाफित, लातूर (उच्चार जवळपास आपल्या लातूरसारखाच), मार्गो आणि ओ-ब्रियों. त्यात पुढच्या सव्वाशे वर्षांत एकाच नावाची भर पडली, १९७३ मध्ये मुतोंची. ही प्रतवारी एकदा लागली ती लागली. मालक बदलो, बाग आजारी पडो, वर्ग तोच राहतो. नाशिकच्या माणसाला ही गोष्ट समजायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे पेटीचा भाव दर हंगामात नव्याने ठरतो. पण मार्गोची कहाणी समजून घ्यायची तर ही गोष्ट आधी डोक्यात बसवावी लागते.

जुना इतिहास मी झटकन सांगून टाकतो. सोळाव्या शतकात लेस्तोनाक घराण्याने इथे द्राक्षशेतीची घडी बसवली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बेर्लों नावाच्या कारभाऱ्याने लाल आणि पांढऱ्या द्राक्षांची वाइन वेगवेगळी करायला सुरुवात केली. दव असताना तोडणी करायची नाही, हा दंडकही त्याचाच. दवाच्या पाण्याने रस पातळ होतो, रंग फिका पडतो. (आपल्याकडेही ओल्या घडाला कोणी कात्री लावत नाही, पण ती पेटीत सड होऊ नये म्हणून.) इंग्लंडचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल या वाइनचा नेमाने गिऱ्हाईक होता. अमेरिकेचा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन १७८७ मध्ये बोर्दोला आला आणि त्यानेही मार्गो मागवली. फ्रेंच राज्यक्रांतीत इस्टेट जप्त होऊन विकली गेली. नवा मालक मार्की द ला कोलोनिया याने जुनी इमारत पाडून लुई कोंब या वास्तुकाराकडून आजचा वाडा बांधून घेतला. आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: १८६८ मध्ये कार्ल मार्क्सच्या थोरल्या मुलीने आपल्या वहीत फ्रेडरिक एंगेल्सला प्रश्न लिहून दिले. सुख म्हणजे काय, या प्रश्नापुढे एंगेल्सने लिहिलं शातो मार्गो, साल १८४८. युरोपभर क्रांत्या झाल्या ते हेच साल.

तर असं हे नाव. चिनाराच्या जातीच्या उंच झाडांच्या दुतर्फा रांगेतून आपण चालत जातो आणि समोर पायऱ्या, पायऱ्यांवर उंच खांब, फिकट दगडाची भिंत. आमच्यातले एक ज्येष्ठ बागायतदार तिथे उभे राहून बराच वेळ बोललेच नाहीत. माझं लक्ष मात्र पायाखाली होतं. माती नव्हतीच जवळपास, गोट्या होत्या. अंड्याएवढ्या, सुपारीएवढ्या, पिवळट पांढऱ्या गोट्या. पाऊस पडला की पाणी त्यातून सरळ खाली निघून जातं आणि वेलीला मुळं खोल न्यावी लागतात. काबर्ने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी जात इथे पिकते ती या कोरड्या, दिवसा तापून राहणाऱ्या जमिनीमुळे आणि शेजारच्या जिरोंद खाडीच्या सौम्य हवेमुळे. एका हेक्टरात दहा हजार वेली, गुडघ्याएवढ्या उंचीवर वळवलेल्या. आपल्याकडे नऊ बाय पाचवर लावलं तर एकरी हजारही बसत नाहीत. आणि उत्पन्न? आपला शेतकरी टेबल ग्रेप्सचं एकरी दहा-बारा टन धरतो. मेदोकमध्ये हिशेब केला तर एकरी दोन-अडीच टन. वेलीवर जितके घड कमी, तितका मण्यात रस दाट.

खुंट मात्र अमेरिकन. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाची मुळांतला रस शोषणारी मावा किडीसारखी कीड अमेरिकेतून आली आणि तिने फ्रान्सच्या बागा संपवत आणल्या. शेवटी अमेरिकन मुळावर फ्रेंच डोळा भरूनच त्या वाचल्या. आपण खारं पाणी आणि दुष्काळ यांच्यासाठी डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो. तो खुंटही अमेरिकेचाच.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो त्याकडे येतो.

विसाव्या शतकात ही इस्टेट जिनेस्ते घराण्याकडे आली. फेर्नां जिनेस्ते आणि त्यांचा मुलगा पिएर हे बोर्दोतले मोठे वाइन व्यापारी. त्यांनी एकेक हिस्सा घेत १९४९ पर्यंत पूर्ण मालकी मिळवली. विखुरलेले तुकडे देवघेव करून त्यांनी पुन्हा एकत्र आणले, आणि १९५३ ची वाइन जाणकार आजही मानाने आठवतात. १९६१ चीही. त्यांना बागेची किंमत कळत नव्हती असं कोणी म्हणू नये. अडचण अशी की बाग आणि पेढी एकाच गाठीला बांधलेली होती. पेढीला ताण बसला की बागेतला खर्च थांबायचा. निचऱ्याच्या जुन्या नळ्या बुजत गेल्या, म्हाताऱ्या वेली बदलायच्या राहिल्या, नवी पिंपं घेणं लांबणीवर पडलं. साठीच्या दशकात उतरंड सुरू झाली आणि सत्तरीत ती सगळ्यांना दिसली. १९७० हे बोर्दोला देणगी मिळाल्यासारखं वर्ष. शेजारच्यांच्या बाटल्यांचं कौतुक झालं, आणि मार्गोची त्या वर्षाची वाइन मात्र जाणकारांना निराश करून गेली.

तरीही बाटलीवर वाड्याचं तेच चित्र, आणि वर्ग पहिला.

मग बाजारच बसला. १९७१-७२ मध्ये बोर्दोच्या वाइनचे भाव वेड्यासारखे चढले होते. १९७२ चं पीक सुमार. तरी व्यापाऱ्यांनी ते चढ्या भावाने उचललं, उद्या आणखी चढेल म्हणून. १९७३ मध्ये तेलसंकट आलं. त्याच सुमाराला एका जुन्या प्रतिष्ठित पेढीचं नाव भेसळीच्या प्रकरणात आलं. दक्षिणेची स्वस्त वाइन बोर्दोच्या नावाने विकली गेल्याचा आरोप होता आणि खटल्याची बातमी जगभर झाली. गिऱ्हाईक पळालं. तळघरं भरलेली आणि घेणारं कोणी नाही. कांद्याच्या चाळी भरून बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. जिनेस्ते यांच्या पेढीने महागात घेतलेला माल अंगावर आला आणि पेढी वाचवायची तर मार्गो विकायला काढण्यावाचून इलाज उरला नाही. अमेरिकेतली नॅशनल डिस्टिलर्स ही कंपनी घ्यायला तयार होती, पण फ्रेंच सरकारने हा सौदा होऊ दिला नाही. देशाचा ठेवा परक्या हाती जाऊ नये ही भावना मला कळते. पण ज्या तीन-चार वर्षांत हा खल चालला, त्या वर्षांत बाग वाट पाहत होती. वेलीला वाट पाहता येत नाही. एक छाटणी चुकली की तिचं देणं पुढे दोन हंगाम फेडावं लागतं.

१९७७ मध्ये गिऱ्हाईक मिळालं: आंद्रे मेंत्झेलोपुलोस. जन्माने ग्रीक. तरुणपणी पूर्वेकडे आलेला, पाकिस्तानात धान्याच्या व्यापारात पैसा कमावलेला आणि नंतर फ्रान्समध्ये स्थायिक होऊन फेलिक्स पोतँ ही किराणा दुकानांची जुनी साखळी घेऊन वाढवलेला माणूस. सात कोटी वीस लाख फ्रँकला त्याने मार्गो घेतलं. बोर्दोच्या जुन्या घराण्यांना एका किराणावाल्याने येऊन पहिल्या वर्गाची इस्टेट घ्यावी हे पचलं नसणार. मला मात्र वाटतं की किराणावाल्यालाच इथली खरी दुखणी दिसली. फळीवर ठेवलेला माल नावाला साजेसा नसेल तर गिऱ्हाईक एकदा घेतं, दुसऱ्यांदा घेत नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्याने पैसा ओतला आणि तो ओतला तिथून दहा-वीस वर्षं परत येणार नव्हता. निचऱ्याची कामं नव्याने केली. मेलेल्या, थकलेल्या वेली काढून नवी लागवड केली. ओक लाकडाची नवी पिंपं घेतली. त्याच्या पत्नीने, लोरा यांनी, ओसाड पडलेला वाडा राहता केला. जमिनीखाली मोठं तळघर खणायला घेतलं. मेदोकमध्ये पाण्याची पातळी वर असल्याने असं काम विरळा होतं. आणि सल्लागार म्हणून बोलावलं बोर्दो विद्यापीठातल्या एमिल पेनो यांना.

पेनो यांच्याबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत. वाइन आंबताना साखरेचं अल्कोहोल होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर आणखी एक बदल होतो: कच्च्या सफरचंदाला आंबट करणारं मॅलिक आम्ल जिवाणू खातात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल होतं, दह्या-ताकातलं. वाइनचा दात आंबवणारा कडकपणा जाऊन ती मऊ होते. पूर्वी हे कधी व्हायचं, कधी नाही, कधी वसंतात बाटलीतच व्हायचं आणि लोक म्हणायचे की बागेतल्या वेली फुटल्या म्हणून वाइनलाही फुटवा आला. पेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बदल समजून घेतला आणि तो हवा तेव्हा, हवा तसा कसा घडवून आणायचा हे बागायतदारांना शिकवलं. पण त्यांची मोठी शिकवण साधी होती. पूर्ण पिकलेलं द्राक्ष आणा, सडकं वगळा, टाक्या स्वच्छ ठेवा, आणि शेवटी निवड करा.

ही निवड कशी चालते ते आमच्याबरोबर फिरणाऱ्या तरुण वाटाडीने टाक्यांपाशी उभं राहून समजावलं. प्रत्येक तुकड्याचं द्राक्ष वेगळं आंबतं. हिवाळ्यात सगळ्यांचे नमुने टेबलावर मांडले जातात. चाखून ठरवायचं, यातलं कोणतं मार्गोच्या मुख्य बाटलीत जाईल. वर्षानुवर्षं उत्तम देणाऱ्या तुकड्यालाही त्या दिवशी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. जे बसत नाही ते दुसऱ्या नावाने विकायचं: पाव्हियों रूज. हे नाव १९०८ पासूनचं, पण मधल्या काळात बंद पडलेलं. मेंत्झेलोपुलोस यांनी ते पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या नावाच्या बाटलीला भाव कितीतरी कमी. म्हणजे जी वाइन बिनदिक्कत पहिल्या नावाने खपली असती, ती आपल्या हाताने खाली उतरवायची.

मला इथे थांबून विचार करावा लागला. १९७७ हे त्यांचं पहिलं पीक आणि ते वर्षच वाईट होतं. पण १९७८ ची मार्गो बाहेर आली आणि वाइनच्या जगाने कान टवकारले. एका वर्षात काय बदललं असेल? नवी लावलेली वेल तर तीन-चार वर्षं फळच देत नाही आणि मुख्य बाटलीच्या लायकीचं द्राक्ष द्यायला तिला कितीतरी जास्त काळ लागतो. निचरा सुधारला तरी मुळं एका पावसाळ्यात बदलत नाहीत. १९७८ च्या बाटलीतला बराचसा रस त्याच जुन्या वेलींचा होता, ज्यांचा रस १९७० च्या बाटलीत होता. नवीन होती ती काळजी, नवी पिंपं, आणि नाही म्हणायची तयारी.

माझ्या घरात याच्या उलट घडलेलं मी पाहिलं आहे. आमच्या पुठ्ठ्याच्या पेटीवर आजोबांचं नाव छापलेलं असतं. कोलकात्याचा एक व्यापारी त्या नावावर, माल न उघडता, भाव सांगायचा. २०१४ च्या मार्चमध्ये तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. मण्यांना तडे गेले. बाया कात्रीने तडकलेले मणी काढत बसल्या, पण किती काढणार. दर तासाला नवे मणी फुटत होते. डोक्यावर कर्ज, बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर. नानांनी तिसऱ्या दिवशी कात्र्या थांबवल्या आणि म्हणाले, भरा. भरलं. आजोबांच्या नावाच्या पेट्यांत. पाचव्या दिवशी कोलकात्याहून फोन आला तेव्हा मी शेजारी उभा होतो. नानांनी एवढंच म्हटलं, “हो. कळतंय.” पुढची तीन वर्षं आमची पेटी उघडून बघूनच भाव झाला, आणि तो शेजाऱ्यापेक्षा किलोमागे आठ-दहा रुपये कमीच. नानांना मी दोष देत नाही. त्या दिवशी त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं वागलो असतो असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. म्हणूनच मार्गोच्या टाक्यांपाशी माझ्या पोटात काहीतरी हललं.

आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांना आपल्या कामाचं फळ बघायला मिळालं नाही. १९८० च्या डिसेंबरमध्ये ते वारले. मुलगी कोरिन सत्तावीस वर्षांची होती. तिने इस्टेट हातात घेतली आणि वडिलांनी नेमलेली माणसं ठेवली. १९८२ मध्ये तळघर पुरं झालं. १९८३ मध्ये पॉल पोंताइये आले. शेतीचं शिक्षण झालेले, पिंपात वाइन कशी मुरते या विषयावर डॉक्टरेट केलेले आणि वयाने तेही सत्तावीसचेच. १९९० मध्ये ते इस्टेटीचे संचालक झाले आणि २०१६ मध्ये कर्करोगाने वारले तोपर्यंत इथेच राहिले. मध्यंतरी फियाटच्या आन्येली कुटुंबाची भागीदारी आली. २००३ मध्ये कोरिन यांनी ती परत विकत घेऊन इस्टेट पूर्ण आपल्याकडे ठेवली. पोंताइये यांच्यानंतर त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले फिलिप बास्कोल कॅलिफोर्नियाहून परत आले. चाळीस वर्षांत माणसं फार बदलली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दर दोन हंगामांनी सल्लागार बदलणारे बागायतदार माझ्या ओळखीत बरेच आहेत.

पोंताइये यांनी सगळ्यावर प्रयोग लावले. सेंद्रिय पद्धतीचा एक तुकडा, नेहमीच्या पद्धतीचा शेजारचा तुकडा. बुचाची बाटली आणि फिरकीच्या झाकणाची बाटली. आणि मग वर्षानुवर्षं झाकून चाखायचं. २०१५ मध्ये नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्याने नवी इमारत उभी राहिली. तिचं छप्पर मेदोकच्या जुन्या कौलारू कोठारांशी नातं सांगणारं आहे आणि वाड्याच्या नजरेआड बेताने बसवलं आहे. दोन शतकांत इथे जमिनीवर उभं राहिलेलं हे पहिलं मोठं नवं बांधकाम.

पण मला सगळ्यांत जास्त वेळ खिळवून ठेवलं ते पिंपं बनवणाऱ्याने. या इस्टेटीत स्वतःचा कारागीर आहे. अशा जागा आता बोटांवर मोजण्याइतक्या. तो लागणाऱ्या पिंपांपैकी काही इथेच बनवतो, बाकीची बाहेरून येतात. ओकच्या पट्ट्या एका लोखंडी कड्यात उभ्या लावल्या की खालून त्या घागऱ्यासारख्या फाकलेल्या दिसतात. मध्ये ओकच्याच ढलप्यांचा जाळ. लाकूड तापतं, ओल्या फडक्याने ते बाहेरून भिजवत राहायचं, आणि दोर आवळत आवळत फाकलेली टोकं जवळ आणायची. आतल्या बाजूला आच लागून लाकूड तपकिरी होतं आणि खोलीभर भाकरी भाजल्यासारखा वास पसरतो. तळ बसवायच्या खाचेत काय भरतात म्हणाल? पीठ. पाण्यात मळलेलं साधं पीठ, पोळीच्या कणकेसारखं, अंगठ्याने खाचेत दाबत जायचं. त्यात खिळा नाही, डिंक नाही. २२५ लिटरचं ते पिंप त्या कणकेवर आणि लाकडाच्या फुगण्यावर पाणीबंद होतं. आमच्यातल्या एकाने हात पुढे केला तर कारागिराने थोडी कणीक त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती बोटांनी चाचपली आणि म्हणाला, “थोडी सैल आहे.” दुभाष्याने ते सांगितलं तेव्हा कारागिराने गंभीरपणे मान हलवली. उन्हाळ्यात सैल लागते, म्हणाला.

मुख्य बाटलीची वाइन अशा नव्या पिंपांत दीड ते दोन वर्षं राहते. गाळ बसवायला अंड्याचा पांढरा बलक घालतात, एका पिंपाला पाच-सहा अंडी. बलकातली प्रथिनं तुरट, खरखरीत कण धरून खाली बसतात आणि वरची वाइन निवळते. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तेच काम.

संध्याकाळी आम्ही गावातल्या एका बाकावर बसलो होतो. तिथे पाच वाजले होते, म्हणजे घरी साडेआठ. मी नानांना फोन लावला. गोट्यांची जमीन सांगितली, गुडघ्याएवढ्या वेली सांगितल्या. त्यांनी विचारलं, “माल किती निघतो?” मी एकरी दोन-अडीच टन म्हणालो. ते हसले नाहीत, मला वाटलं होतं हसतील.

“आणि त्यातलाही सगळा त्या नावाने जात नाही,” मी म्हणालो. “तीन पाट्या तोडल्या तर साधारण एका पाटीचाच रस मोठ्या बाटलीत.”

“आणि राहिलेल्या दोन पाट्यांचं काय करतात?”

“त्यांचं दुसरं नाव आहे. त्यातही बसलं नाही तर तिसरं, ते आत्ता दहाएक वर्षांपूर्वी काढलंय. आणि त्यातही नाही बसलं तर सुटी वाइन म्हणून विकून टाकतात.”

“सुटी विकताना कुणाची आहे ते सांगतात?”

“नाही सांगत, नाना.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. मग ते म्हणाले, “पाऊस उघडलाय इकडे. सकाळी बोर्डो मारतो. मोरचूद भिजत घातलाय.”